वाचकांचे प्रश्न : सिगारेट, विडी आणि कायदा

मागील अंकात फुफ्फुसांच्या आजारांवर लिहिल्यानंतर आलेली बहुतेक पत्रे तंबाखूविषयी होती. त्यांतील काही निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह येथे देत आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे वगळली आहेत. उत्तरे लिहिताना एक भूमिका सतत मनात होती, ती आधीच सांगतो. सिगारेट ओढणारा माणूस हा माझ्या दृष्टीने रुग्ण आहे आणि त्याला उपचारांची गरज आहे. जाब विचारायचा असेल तर तो त्याला कोवळ्या वयात हे व्यसन विकणाऱ्या व्यवसायाला विचारायला हवा.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा असून हिंजवडीत नोकरी करतो. दिवसातून दोन किंवा तीनच सिगारेटी ओढतो, त्याही ऑफिसबाहेरच्या टपरीवर, सहकाऱ्यांबरोबर चहा घेताना. पाकीट कधी विकत घेत नाही. शिवाय 'लाइट' प्रकारचीच सिगारेट घेतो. इतक्या कमी प्रमाणाने खरोखर काही नुकसान होते का? (एक वाचक, पुणे)

होते, आणि तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरेच अधिक होते. वीस सिगारेटींच्या मानाने एका सिगारेटीचा धोका विसाव्या हिश्शाइतकाच असेल, असा हिशेब बहुतेक जण मनाशी मांडतात. हृदयाच्या बाबतीत तो साफ चुकतो. २०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अनेक देशांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्या पुरुषांत हृदयविकाराचा जो जादा धोका आढळतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांतही आढळतो, असे त्यात दिसून आले. याचे कारण असे, की धुरातील घटकांमुळे रक्तातील पेशी एकमेकींना चिकटण्याची प्रवृत्ती वाढते आणि रक्तवाहिन्यांचे नाजूक अस्तर बिघडते, आणि हे परिणाम घडून येण्यासाठी थोडासा धूरही पुरतो. आपल्याकडे चाळिशीतल्या, कधी पस्तिशीतल्याही माणसांना हृदयविकाराचा झटका आलेला आम्ही पाहतो, तेव्हा 'फक्त दोन-तीन' हे उत्तर अनेकदा ऐकायला मिळते.

'लाइट' या शब्दावर विसंबू नका. अशा सिगारेटच्या फिल्टरभोवती बारीक छिद्रे असतात. प्रयोगशाळेतील यंत्र ती सिगारेट ओढते तेव्हा त्या छिद्रांतून हवा मिसळते आणि डांबर व निकोटिनचे आकडे कमी येतात. माणूस ओढतो तेव्हा तीच छिद्रे ओठांखाली किंवा बोटांखाली झाकली जातात, आणि शरीराला सवयीइतके निकोटिन मिळेपर्यंत तो अधिक खोल व अधिक वेळा झुरके घेतो. त्याच्या फुफ्फुसांत जाणारा धूर त्यामुळे कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारात असे दिशाभूल करणारे शब्द पाकिटावर वापरू देऊ नयेत, असे म्हटले आहे ते याचसाठी.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य 'पाकीट कधी विकत घेत नाही' हे आहे. १ एप्रिल २०१६ पासून आपल्या देशात तंबाखूच्या प्रत्येक वेष्टनाचा ८५ टक्के दर्शनी भाग सचित्र इशाऱ्यासाठी राखून ठेवावा लागतो आणि २०१८ पासून त्यावर व्यसनमुक्तीसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांकही छापलेला असतो. सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात ते पाकीट येतच नाही. टपरीवाला पाकीट फळीवर ठेवतो, त्यातून एक सिगारेट काढून देतो, शेजारी टांगलेल्या लायटरवर ती पेटवली जाते आणि इशारा टपरीच्या आत राहतो. पूर्ण पाकीट घ्यायचे तर काही शे रुपये एकदम मोजावे लागतात आणि त्या वेळी माणूस दोनदा विचार करतो. सुट्या सिगारेटीला खिशातली चिल्लर पुरते. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट व विडीच्या विक्रीवर बंदी घातली. ही बंदी टपरीवर कितपत पाळली जाते, हे तुम्ही रोज पाहताच.

तुमचे व्यसन अजून चहाच्या वेळेशी आणि त्या सोबतीशी बांधलेले आहे, ही तुमच्या दृष्टीने चांगली बाब आहे. काही आठवडे चहा कॅन्टीनमध्येच घ्या, आणि रोज बरोबर असणाऱ्या सहकाऱ्यांपैकी निदान एकाला तरी आपला निश्चय स्पष्ट सांगून ठेवा. सिगारेट उगाच पुढे केली जाऊ नये, एवढी मदत मित्र आनंदाने करतात.

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे आहेत आणि गेली पस्तीस वर्षे सिगारेट ओढत आहेत. रक्तदाबाची गोळी चालू आहे. सकाळी उठल्याबरोबर सिगारेट घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे ते म्हणतात. दोनदा सोडली, परंतु तिसऱ्या-चौथ्या दिवशी इतकी चिडचिड झाली की मीच म्हणाले, ओढा एकदाची. आता 'या वयात सोडून काय उपयोग' असे म्हणतात. काय करावे? (एक वाचिका, नाशिक)

त्यांना प्रथम हे सांगा की उपयोग आहे, आणि तो मोजला गेलेला आहे. ब्रिटनमध्ये १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी तिथल्या डॉक्टरांनाच त्यांच्या धूम्रपानाविषयी विचारून एक अभ्यास सुरू केला आणि तो पन्नास वर्षे चालला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सतत धूम्रपान करणारी माणसे न करणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी मरण पावली. पन्नाशीत सोडणाऱ्यांनी त्यांपैकी सुमारे सहा वर्षे परत मिळवली आणि साठीत सोडणाऱ्यांनी सुमारे तीन. तुमचे यजमान या दोन्हींच्या मध्ये आहेत. हा लाभही केवळ शेवटी मिळणारा नव्हे. रक्तातील कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो आणि हृदयविकाराचा जादा धोका वर्षभरात साधारण निम्म्यावर येतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते का हरले, हेही नीट समजून घेऊ. झुरका घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. इतक्या वर्षांच्या सवयीने मेंदूची घडी त्या निकोटिनभोवतीच बसलेली असते. ते अचानक थांबले की चिडचिड, अस्वस्थता, झोपेची मोडतोड, भूक वाढणे, लक्ष न लागणे ही लक्षणे सुरू होतात. पहिल्या आठवड्यात, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास, ती शिगेला पोहोचतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. म्हणजे तुमच्या यजमानांनी दोन्ही वेळा सर्वांत कठीण दिवस जवळजवळ पार केले होते. पोट साफ न होणे हाही याच लक्षणांचा भाग आहे. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते आणि ते बंद केले की काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकते. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी व कोशिंबीर, भाकरी, आणि न चुकता अर्धा तास चालणे एवढ्याने बहुतेकांचे निभावते. नाही निभावले तर साधे औषध देता येते.

केवळ मनोनिग्रहावर सोडणाऱ्यांत यशस्वी होणारे थोडे असतात, म्हणून या वेळी मदत घेऊन सोडावी, असा माझा आग्रह आहे. ज्याला उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागते, त्याचे व्यसन तीव्र समजले जाते. अशा व्यक्तीला निकोटिनचे च्युइंगगम सहसा चार मिलिग्रॅमचे लागते, परंतु रक्तदाब असल्याने प्रमाण तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. हे गम खाण्याची पद्धत निराळी आहे आणि ती कोणी समजावून सांगत नाही, म्हणून पुष्कळांचा अनुभव वाईट येतो. नेहमीच्या च्युइंगगमसारखे ते सतत चघळायचे नसते. सावकाश चावावे आणि जिभेला मिरीसारखी चुणचुण जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवावे. चुणचुण कमी झाली की पुन्हा थोडे चावावे आणि जागा बदलून पुन्हा दाबून ठेवावे, असे सुमारे अर्धा तास करावे. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाते. भराभर चावून लाळ गिळली तर उचकी, जळजळ आणि मळमळ होते व उपयोग काही होत नाही. गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असताना चहा-कॉफी घेऊ नये, कारण त्याने शोषण कमी होते. गमखेरीज त्वचेवर लावायचे पॅच आणि डॉक्टरांनी लिहून द्यायच्या गोळ्याही आहेत.

पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा मोफत क्रमांक आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती-रोग संस्थेत ही सेवा २०१६ मध्ये सुरू झाली आणि पुढे मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालयही तिच्याशी जोडले गेले. समुपदेशक सोडण्याचा दिवस ठरवून देतात आणि त्यानंतरही आपणहून दूरध्वनी करून विचारपूस करतात.

आता तुमच्याविषयी. 'ओढा एकदाची' असे तुम्ही म्हणालात, त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. त्या दिवसांत घरातल्यांची सहनशक्ती खरोखर पणाला लागते. या खेपेस सोडण्याचा दिवस दोघांनी मिळून निवडा, घरातले लायटर आणि रक्षापात्र आदल्या रात्री टाकून द्या, आणि पहिले दहा दिवस त्यांच्या बोलण्याचा राग धरायचा नाही असे आधीच ठरवा. मध्येच एखादी ओढली गेली तरी सारे फुकट गेले असे समजू नका. कायमचे सोडू शकलेल्या बहुतेकांचे आधीचे अनेक प्रयत्न फसलेले असतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ जिन्यात आणि स्वतःच्या खिडकीत उभे राहून सिगारेट ओढतात. धूर थेट आमच्या खोलीत येतो. माझ्या सात वर्षांच्या मुलीला दमा आहे. कायद्याने काही करता येते का? (एक वाचिका, ठाणे)

कायद्याचा आधार येथे अपुरा आहे, हे खेदाने सांगावे लागते. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये निर्णय दिला. पुढे मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये, रेल्वेसह सार्वजनिक वाहने येथे धूम्रपानास देशभर मनाई केली. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात ही तरतूद आली आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सुधारित नियम लागू झाले. मात्र जिथे सर्वसामान्य लोकांचा वावर असतो अशा जागांनाच हा कायदा लागू होतो. स्वतःच्या घरातील धूम्रपान त्यात येत नाही. जिना, लिफ्ट, वाहनतळ या सोसायटीच्या सामाईक जागा असल्याने तेथे मनाई करणारा ठराव सर्वसाधारण सभेत संमत करून फलक लावता येतो, आणि अनेक सोसायट्यांनी तसे केले आहे.

खिडकीच्या बाबतीत संवादावाचून दुसरा मार्ग दिसत नाही. सेक्रेटरींना बरोबर घेऊन त्या गृहस्थांकडे जा आणि तक्रारीचा सूर न ठेवता मुलीच्या दम्याविषयी सांगा. आपल्या सिगारेटचा धूर वरच्या घरात शिरतो, याची बहुतेकांना खरोखरच कल्पना नसते. धुराचे कण अतिसूक्ष्म असल्याने दार लावून किंवा पंखा लावून ते अडत नाहीत आणि दुसऱ्याच्या धुराचे 'इतके चालेल' असे सुरक्षित प्रमाण विज्ञानाला आढळलेले नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याच्या धुराला तोंड द्यावे लागत होते. तुमच्या मुलीचा इनहेलर डॉक्टरांनी सांगितला असेल तसा नियमित चालू ठेवा. धुराच्या भीतीने किंवा तो थोडा कमी झाला म्हणून तो स्वतःहून बदलू नका.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर गोळ्या-बिस्किटांच्या बरण्यांशेजारीच सिगारेट आणि मावा विकला जातो. आठवी-नववीची मुले मधल्या सुट्टीत तेथे असतात. टपरीवाला गावातलाच आहे, त्यामुळे तक्रार करायला संकोच वाटतो. (एक शिक्षक)

तुमचा संकोच मी समजू शकतो, तरीही ही तक्रार तुम्ही करावी असेच मी म्हणेन. २००३ च्या कायद्याच्या सहाव्या कलमानुसार शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, अंतरात तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत आणि अठरा वर्षांखालील मुलांना ते कोठेही विकता येत नाहीत. या कलमाखालील दंड दोनशे रुपयांपर्यंतच आहे, आणि तो इतका किरकोळ आहे की विक्रेत्याला त्याचा धाक वाटत नाही. खरी धार बालन्याय कायदा, २०१५ मध्ये आहे. त्याच्या ७७ व्या कलमानुसार बालकाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कलमाची नुसती माहिती करून दिली तरी बहुतेक टपरीवाले माल हलवतात.

म्हणून पहिले पाऊल बोलण्याचे असावे. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीतील एक-दोन पालक आणि सरपंच यांनी मिळून टपरीवाल्याशी बोलावे. गोळ्या, वह्या, पेन यांवर त्याचे दुकान चालू शकते, आणि त्याची स्वतःची मुले बहुधा तुमच्याच शाळेत असतील. शाळेच्या हद्दीपासून शंभर यार्डांवर पिवळी रेषा आखावी, असे केंद्राच्या तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. ती रेषा मुलांकडूनच मोजून आखून घ्या. टेप धरून रस्त्यावर उतरलेली मुले गावाला दिसतात आणि विषय आपोआप चावडीवर जातो. मुंबईच्या सलाम बॉम्बे फाउंडेशनने राज्यातील शाळांमध्ये या कामाचा मोठा अनुभव मिळवला आहे, त्यांचे साहाय्य घेता येईल. एवढे करूनही विक्री थांबली नाही तर शाळेच्या लेटरहेडवर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तक्रार शाळेच्या नावाने गेल्यास एकट्या शिक्षकावर रोष येत नाही.

गोळ्यांच्या बरणीशेजारी सिगारेट, हे तुमचे निरीक्षण अचूक आहे. तंबाखू विकणाऱ्या दुकानांना स्वतंत्र परवाना असावा आणि तेथे चॉकलेट, बिस्किटे, चिप्स असे मुलांना ओढणारे पदार्थ नसावेत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्येच राज्यांना सुचवले होते. ही सूचना मनावर घेतली गेली असती, तर तुमचे पत्र कदाचित आलेच नसते.

प्रश्न : आमचे आजोबा नव्वद वर्षे जगले आणि आयुष्यभर विडी ओढत होते. विडीत कागद नसतो, नैसर्गिक पान असते. मग ती सिगारेटपेक्षा बरी नव्हे काय? (एक वाचक, गोंदिया)

नाही. तेंदूच्या पानातून हवा फारशी आत शिरत नाही आणि ते सहज जळत नाही. त्यामुळे विडी पेटती ठेवण्यासाठी वरचेवर आणि जोराने झुरके घ्यावे लागतात, आणि तिला फिल्टरही नसतो. विडीत तंबाखू कमी असूनही डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे शरीरात जाणारे प्रमाण सिगारेटइतके किंवा त्याहून अधिक असते. आजोबांना दीर्घायुष्य लाभले याचा मला आनंदच आहे, परंतु विडी ओढून साठीही न गाठलेल्या त्यांच्या वयाच्या माणसांची आठवण सांगायला त्यांची नातवंडे पत्रे लिहीत नाहीत. विडीचा धोका गरिबाला अधिक छळतो. ती स्वस्त राहावी अशीच करव्यवस्था आपण दीर्घकाळ ठेवली आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा सिगारेटवर जादा उपकर लावला गेला आणि विडीला त्यातून वगळण्यात आले.

प्रश्न : १९९६ चा क्रिकेट विश्वचषक एका सिगारेटच्या नावाने भरला होता, हे आजच्या मुलांना खरे वाटत नाही. आता जाहिराती बंद झाल्या म्हणतात, पण सामन्यांच्या वेळी पडद्यावर नामांकित नट वेलची विकताना दिसतात. मग बंदीने काय साधले? (एक वाचक, इंदूर)

पुष्कळ साधले, आणि जे राहिले तेही पुष्कळ आहे. तो विश्वचषक 'विल्स'च्या नावाने झाला आणि भारतीय संघाच्या सदऱ्यावर त्यानंतर काही वर्षे तेच नाव झळकत होते. सचिनची प्रत्येक धाव पाहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाच्या मनात सिगारेटचे नाव पराक्रमाशी जोडले जात होते, आणि प्रायोजकत्वाचा उद्देशही तोच होता. बंदीचे विधेयक येऊ घातले तेव्हा, २००१ मध्ये, 'विल्स' बनवणाऱ्या आयटीसी कंपनीने क्रीडा प्रायोजकत्वातून अंग काढून घेतले. १ मे २००४ पासून जाहिरातींवर कायद्याने बंदी आली. २०१२ पासून चित्रपटगृहात तंबाखूविरोधी चित्रफिती आणि दृश्याखाली इशारा दाखवणे सक्तीचे झाले, आणि १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटी मंचांनाही हे नियम लागू झाले.

वेलचीचे तुम्ही म्हणता ते अगदी खरे आहे. नाव, रंग, अक्षरांचे वळण आणि घोषवाक्य तंबाखूच्या उत्पादनाशी मिळतेजुळते ठेवायचे आणि पुडीत मात्र वेलची किंवा पानमसाला भरायचा, असा हा प्रकार आहे. कायदा अप्रत्यक्ष जाहिरातीलाही मनाई करतो, त्यामुळे येथे नवा कायदा करण्याची गरज नाही. आहे तो लावण्याची इच्छा हवी, आणि अशा जाहिरातीसाठी चेहरा देणाऱ्या कलावंतांना प्रेक्षकांनी उघड प्रश्न विचारायला हवेत.

प्रश्न : माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या बॅगेत पेनड्राइव्हसारखी दिसणारी ई-सिगारेट सापडली. 'यात धूर नाही, नुसती वाफ आहे' असे तो म्हणतो. (एक पालक, नागपूर)

त्या वाफेत बहुधा निकोटिन असते, आणि नव्या उपकरणांतील निकोटिन घशाला न बोचता मोठ्या प्रमाणात घेता येते. विशीतल्या मुलाचा मेंदू अजून घडत असतो, त्यामुळे व्यसन लवकर आणि पक्के जडते. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात या सर्वांवर देशात बंदी आहे. उत्पादन किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलाला धाक घालू नका. तो ती किती वेळा वापरतो आणि सकाळी उठल्यावर लगेच लागते का, हे शांतपणे विचारा. लागत असेल तर वर दिलेल्या क्रमांकावर दोघांनी मिळून बोला.

प्रश्न : एवढी हानी होते हे सरकारला ठाऊक आहे, तर सिगारेटवर सरळ बंदी का घालत नाहीत? आयुर्विमा महामंडळाचे पैसे सिगारेट कंपनीत गुंतलेले आहेत म्हणून का? (एक वाचक, कोल्हापूर)

आयटीसीमध्ये आयुर्विमा महामंडळाचा सुमारे १५ टक्के हिस्सा आहे, ही गोष्ट खरी आहे. लोकांच्या जिवाचा विमा उतरवणाऱ्या संस्थेने तंबाखूच्या नफ्यात वाटेकरी असावे, हे मला कधीच पटलेले नाही. सरकारने तो हिस्सा काढून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु संपूर्ण बंदीने प्रश्न सुटेल असेही मला वाटत नाही. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. थोड्याच दिवसांत सुगंधी सुपारी आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या शेजारी शेजारी टांगलेल्या दिसू लागल्या. गिऱ्हाईक दोन्ही घेऊन तळहातावर एकत्र करू लागले. भूतानने २००४ मध्ये तंबाखूच्या विक्रीवर बंदी आणली, भारतातून चोरटी आवक होतच राहिली आणि २०२१ मध्ये महासाथीच्या काळात त्यांनी ती बंदी उठवली. मालदीवने निराळी वाट धरली आहे. १ जानेवारी २००७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तेथे नोव्हेंबर २०२५ पासून तंबाखू विकता येत नाही. जुन्या व्यसनी माणसाला गुन्हेगार न ठरवता नवी पिढी बाहेर ठेवण्याची ही कल्पना मला अधिक विचारपूर्वक वाटते.

महाराष्ट्रात मात्र नुसत्या सिगारेटचा विचार पुरणार नाही. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात राज्यातील धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. गायछाप मळणारा हात, विदर्भातला खर्रा आणि पहाटे चुलीपाशी मिश्री लावणाऱ्या बाया या आकड्यात आहेत. गडचिरोलीत २०१६ पासून चालू असलेल्या 'मुक्तिपथ' या उपक्रमाने गावोगावी लोकांच्या सभा घेऊन खर्रा आणि दारू यांची विक्रीच रोखण्याचा जो प्रयत्न चालवला आहे, तो इतर जिल्ह्यांनी जवळून पाहावा. जे खात्रीने उपयोगी पडते ते जगभर सारखेच आहे : दरवर्षी महागाईहून अधिक वाढणारा कर आणि तो विडीवरही, सुटी विक्री खरोखर बंद करणे, आणि प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात व्यसनमुक्तीची सोय.

प्रश्न : माझी आई सोलापुरात तीस वर्षे विड्या वळत आहे. त्याच पैशावर मी बारावीपर्यंत शिकले. तुमच्यासारखे लोक विडी बंद करा म्हणतात तेव्हा आमच्या वस्तीत पोटात गोळा येतो. आमचे काय, हे कोणी सांगत नाही. (एक वाचिका, सोलापूर)

तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले, आणि या अंकातील सर्वांत रास्त प्रश्न तुमचा आहे असे मला वाटते. सोलापूरच्या विडी कामगार वस्त्या मी पाहिल्या आहेत. भिजवलेली पाने साच्यावर ठेवून कात्रीने कापायची, सुपातला जर्दा चिमटीने भरायचा, वळायचे, दोरा बांधायचा आणि टोक बंद करायचे, हे काम आई दिवसभर मान खाली घालून करते. कारखान्यात माल द्यायला गेल्यावर त्यातल्या काही विड्या नापास म्हणून बाजूला काढल्या जातात आणि त्यांची मजुरी मिळत नाही. तंबाखूची भुकटी श्वासातून आणि निकोटिन हाताच्या त्वचेतून तिच्या शरीरात जाते, आणि जवळ झोपलेल्या मुलांच्याही. एकदाही विडी न ओढता तंबाखूची हानी सोसणारी ही माणसे आहेत. त्यांना विसरून केलेल्या तंबाखू नियंत्रणाला मी अपुरे मानतो.

भारताने २००४ मध्ये ज्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराला मान्यता दिली, त्याच्या १७ व्या कलमात तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना आणि कामगारांना पर्यायी उपजीविका मिळवून देण्याचे बंधन सांगितलेले आहे. ते आजवर कागदावरच राहिले. उलट विडीवरील उपकरातून घरे, दवाखाने आणि शिष्यवृत्त्या देणारा कल्याण निधी वस्तू व सेवा कर येताना बंद झाला आणि या योजना अर्थसंकल्पातील तरतुदीवर अवलंबून राहिल्या. संघटित होऊन मागितले तर मिळते, हे तुमच्या शहरानेच दाखवले आहे. कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांच्या दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली ती कामगारांच्या चळवळीतूनच. शाळेचे गणवेश शिवण्याचा मोठा उद्योग सोलापुरात आहे आणि टॉवेल-चादरींचाही आहे. विडीवर वाढवलेल्या कराचा ठरावीक वाटा या बायांच्या प्रशिक्षणासाठी, शिकत असतानाच्या मजुरीसाठी आणि घराजवळच्या शिवणकेंद्रांसाठी राखून ठेवावा, अशी मागणी तंबाखूविरोधी संघटनांनी आणि विडी कामगार संघटनांनी एकत्र येऊन करावी. आजवर या दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत.

तोवर दोन गोष्टी लगेच करण्यासारख्या आहेत. विड्या वळताना आईने तोंडाला ओढणी बांधावी, काम संपल्यावर साबणाने हात धुऊनच स्वयंपाकाला लागावे, आणि जर्द्याचे सूप झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. दुसरी गोष्ट तुमच्या शिक्षणाची. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आजही चालू आहे, तिची रक्कम इयत्तेनुसार वर्षाला एक हजारापासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत आहे आणि बारावीनंतरच्या अभ्यासक्रमांनाही ती मिळते. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावा लागतो. त्यासाठी आईचे विडी कामगार ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि तुमच्या स्वतःच्या नावावरचे बँक खाते लागेल. ओळखपत्र जुने झाले असेल तर अर्जाची मुदत सुरू होण्याआधी ते कामगार कल्याण दवाखान्यातून नवे करून घ्या.